खिडकीखालच्या तीन उड्या

सर, गेल्या महिन्यात तुमच्या जलदानविधीला मी माईकवर खोटं बोलले. तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, एवढंच.

ऐरोलीच्या त्या हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली इतकी माणसं आली होती की मागच्यांना उभं राहावं लागलं. फोटो तुमचा निवृत्तीच्या दिवशीचा लावला होता, तोच, ज्यात चष्मा तिरका आहे. मी तेव्हाच म्हटलं होतं, सरळ करा. तुम्ही म्हणालात, "असू दे, लोकांना ओळख पटायला हवी." त्रिशरण-पंचशील झालं आणि तुमच्या मेव्हण्यांनी माझं नाव पुकारलं. मी उठले आणि काय बोलले? सर मोठ्या मनाचे होते. सरांनी मला घडवलं. सर चुकले तर चारचौघांत चूक मान्य करायचे. सगळ्यांनी माना हलवल्या आणि मी डोळे पुसत खाली बसले.

त्यातलं शेवटचं वाक्य मला परत घ्यायचंय. म्हणून हे लिहिते आहे.

जेवणं चालली होती तेव्हा प्रणाली माझ्याजवळ येऊन बसली. तुमची लेक अगदी तुमच्यावर गेलीय, रडायचं असलं की आधी कामाचं बोलते. म्हणाली, "मावशी, बाबांच्या उड्या असतील ना अजून तुमच्याकडे? सगळ्या पाहिजेत मला. फोटोत बाबा नुसते बसलेले असतात."

"असतील की. शोधून देते," मी म्हणाले. मला ते फार सोपं काम वाटलं.

प्रणाली हे पुढे छापणार आहे म्हणते, तेव्हा ज्यांना आपली खोली माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तुम्ही कंटाळू नका. बेलापूरच्या मागे, डोंगराच्या पायथ्याशी आपल्या संस्थेची एक खोली आहे. दहा बाय दहाची, उत्तरेच्या भिंतीत एकच खिडकी. खाली खडक, खडकावर कोबा, कोब्यावर भूकंपमापक. त्यावर थर्माकोलची पेटी आणि पेटीवर तुमच्या आईनं शिवलेली गोधडी, कारण यंत्राला ऊब सारखी राहावी लागते. जमीन कशी हलते ते हे यंत्र तीन रेघांत लिहितं: वर-खाली, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम. दर तीन महिन्यांनी आपण दोघं तिथं जायचो. साफसफाई, तारा, बॅटऱ्या, सगळं बघून झालं की तुम्ही चपला काढून खिडकीखाली उभे राहायचात आणि तीन उड्या मारायचात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, साहेब जरा सटकलेले दिसतात. मग तुम्ही समजावलंत. खिडकी यंत्राच्या बरोब्बर उत्तरेला. तिथून उडी मारली की ठोका उत्तर-दक्षिण रेघेत उमटला पाहिजे आणि पूर्व-पश्चिम रेघ जवळजवळ गप्प राहिली पाहिजे. तसं झालं तर यंत्र सरळ बसलंय. मी शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसायचे. तुम्ही भिंतीपलीकडून ओरडायचात, "आलं का?" मी ओरडायचे, "आलं!" आणि वहीत 'उडी तपासली' या रकान्यात बरोबरची खूण करून सही करायचे. उडी तुमची, सही माझी. वहीत खोडायचं नाही हा तुमचा कायदा होता. चुकलं तर वरून एक सरळ रेघ, शेजारी सही आणि तारीख. काय चुकलं होतं ते नंतरच्या माणसाला वाचता आलं पाहिजे, म्हणायचात.

पडझड करणाऱ्या भूकंपांत तुमचा जीव नव्हता. तुम्हाला हवी होती दूरच्या भूकंपाची लाट. जपानकडे, इंडोनेशियाकडे मोठा हादरा बसला की त्याची लाट पृथ्वीच्या पोटातून निघून आपल्या पायांखाली येते, आपण बसलेलो असतो चहा पीत. वाटेत खूप खोल कुठे खडकाचा प्रकार बदलला की लाटेचा एक बारीक तुकडा वेगळा होतो आणि मुख्य लाटेच्या मागून जरा उशिरा पोचतो. किती उशिरा, यावरून तो थर किती खोल ते कळतं. चारशे किलोमीटरच्या आसपास एक आणि साडेसहाशेच्या आसपास दुसरा, हे दोन जगाला माहीत आहेत, आपल्याकडेही दिसत होते. तुम्ही त्यांच्याही खालच्या तिसऱ्याच्या मागे लागला होतात.

एका नोंदीत असलं काही दिसत नाही. ठाणे-बेलापूर रोडचे ट्रेलर, डोंगरातल्या खाणींचे सुरुंग, खाडीची भरती, सगळा गलका-कालवा त्यात मिसळलेला. म्हणून शेकडो भूकंपांच्या नोंदी एकावर एक ठेवून बेरीज करायची. हे तुम्ही माझ्या आईला घणसोलीच्या आमच्या ओट्यावर बसून समजावलं होतंत. आई तेव्हा नाक्यावर भाजी विकायची. "आई, पहाटे एपीएमसीत किती गोंगाट असतो. पण एक माणूस रोज त्याच गाळ्यावरून, त्याच वेळी, तीच आरोळी देतो. महिनाभर गेलात की एवढ्या गोंगाटातही तो बरोबर ऐकू येतो की नाही? तसंच हे."

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरची जमीन तर गेली, आता खालची पन मोजता काय तुमी? कोनाच्या नावावर हाय ती?" आमची खाडीकाठची खारीची शेती सरकारनं घेतली, तिथं आता काचेच्या इमारती आहेत. जमीन म्हटलं की तिला दुसरं काही सुचत नाही. तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. "अजून कुणाच्याच नाही, आई. म्हणून तर घाई आहे."

त्या तिसऱ्या थरावरून आलेली लाट पहिल्या काही वर्षांच्या बेरजेत दिसली होती. दिसली म्हणजे रेघेला नखाएवढा उंचवटा. तुम्ही तिचं नाव 'तिसरी' ठेवलंत. सकाळी टेबलावर डबा ठेवता ठेवता विचारायचात, "काय पाटीलबाई, तिसरी काय म्हणते?"

"सर, तो कालवा आहे."

"वाढतोय का ते बघ."

हे भांडण आपण किती वर्षं भांडलो! कॅन्टीनमध्ये, जीपमध्ये, एकदा तर मुलाखतीला आलेल्या बिचाऱ्या उमेदवारासमोर. तुम्ही साहेब आणि मी रोजंदारीवर लागलेली बीएस्सी पास मुलगी, पण तुम्ही मला कधी गप्प बसवलं नाहीत. पहिल्या लेखात तुमच्या नावाशेजारी माझं नाव घातलंत तेव्हा वरच्या साहेबांनी विचारलं होतं, ही कोण? तुम्ही म्हणालात, "जिला माझं म्हणणं पटत नाही ती." सर, माझ्या उभ्या आयुष्यात माझी अशी ओळख कुणी करून दिली नाही. आणि एक गोष्ट मी तेव्हा कबूल केली नव्हती, आता करते. तिसरी सुरुवातीला खरंच वाढत होती.

मग खोलीचा कोबा फुटला. ठेकेदारानं खाली सळ्या टाकून नवा केला, आणि जुन्या कोब्यावर तुम्ही ऑइलपेंटनं काढलेला उत्तरेचा बाण मोडतोडीत गेला. त्याच आठवड्यात मंडणगडला तुमच्या आई वारल्या. तुम्ही गावी गेलात, यंत्र परत बसवायचं काम माझ्यावर आलं. तुमची पद्धत मला तोंडपाठ होती. दारात ओळंबा टांगायचा आणि ऐन मध्यान्हीला त्याची सावली पडेल त्या रेघेवर उत्तर धरायची. पण श्रावण होता, ऊन दिवसातून चार वेळा यायचं आणि नेमकं मध्यान्हीला जायचं. तुम्ही गावाहून फोन केलात, "ऊन पडेपर्यंत थांब. चार दिवस नोंद बंद राहिली तर काही बिघडत नाही."

मी थांबले नाही. तुमच्या त्या ओळंब्याची मी नेहमी टिंगल करायचे, तुम्हाला आठवत असेल. एवढं साधं होकायंत्र खिशात मावतं आणि सर उन्हात दोरी धरून उभे! म्हटलं, दाखवून देऊ. होकायंत्र नव्या कोब्यावर ठेवलं, सुई थरथरून थांबली, आणि ती दाखवत होती तिकडे मी यंत्राचं तोंड केलं. ते खोलीत तिरकं दिसायला लागलं, खिडकी सोडून कोपऱ्याकडे बघणारं. मी दोन मिनिटं तिथंच उभी होते. काहीतरी चुकतंय असं मला वाटलं होतं, सर. अगदी नक्की वाटलं होतं. मग म्हटलं, खोलीच वाकडी बांधली असेल. आईला मोतीबिंदूच्या तपासणीला वाशीला न्यायचं होतं. मी पेटी ठेवली, वर गोधडी घातली आणि कुलूप लावलं. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई फिरते हे शाळेतल्या मुलांना शिकवतात.

तुम्ही परत आलात तेव्हा डोळ्यांखाली काळं पडलं होतं. पहिला प्रश्न विचारलात, "सावली मिळाली का?"

मी म्हणाले, "हो."

एवढं एकच अक्षर. आई गेलेल्या माणसाशी आता होकायंत्रावरून कुठे वाद घाला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. मला तुमचं 'सांगितलं होतं ना' ऐकायचं नव्हतं.

तुम्ही त्याच दिवशी खोलीत गेलात. चपला काढल्यात, सवयीच्या जागी, खिडकीखाली उभे राहिलात. तीन ठोके मला भिंतीतून ऐकू आले. "आलं का?" मी कानाला फोन लावून डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईशी तारखेवरून हुज्जत घालत होते. फोनवर हात ठेवून ओरडले, "आलं!" आणि वहीत खूण केली. पडद्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर दर वेळी बघितलं. पण दर वेळी मागच्या उडीशी ताडून बघितलं. मागच्यासारखंच आलंय? मग बरोबर. पहिलीच चुकीची होती, तिच्याशी पुढच्या सगळ्या छान जुळत गेल्या.

आणि तिसरी कमी व्हायला लागली.

मला किती आनंद झाला होता! लपवत नाही. वर्षाला वर्ष जोडत गेलं की उंचवटा बसत चालला होता, आणि मी दर महिन्याला ती रेघ तुमच्या टेबलावर आणून ठेवत होते. मग लॉकडाऊन लागला. ट्रेलर थांबले, खाणी थांबल्या, कधी बघितली नव्हती इतकी रेघ शांत झाली. तुम्ही परवानगीचा कागद खिशात घेऊन, मास्क लावून ऐरोलीहून स्कूटरवर आलात. खोलीच्या दारात मला म्हणालात, "आता येईल बघ ती. एवढ्या शांततेत नाही आली तर मग नाहीच." मी हे वाक्य जपून ठेवलं.

सगळं परत सुरू झाल्यावरच्या पहिल्या सेमिनारमध्ये मी उभी राहिले. सगळ्यांसमोर सगळ्या वर्षांची बेरीज लावली. म्हणाले, खरं असतं तर वाढलं असतं. हे कमी होतंय. तुमच्याकडूनच शिकलेला युक्तिवाद, तुमच्यावरच वापरला. तुम्ही उठून पडद्याजवळ गेलात, चष्मा काढून नाक लावून ती रेघ बघितलीत. मग वळून म्हणालात, "पाटीलबाईंचं बरोबर आहे. मला जे दिसत होतं ते नव्हतंच. माझी चूक झाली." तुम्ही सगळ्यांना वडे खायला घातलेत. दुसऱ्या दिवशी तिसरीची फाइल नाडीनं बांधून कपाटावर ठेवलीत. त्यानंतर सकाळी डबा ठेवताना तुम्ही काही विचारलं नाहीत.

ते चारचौघांत चूक मान्य करणं ते हेच, सर. मी माईकवर ज्याचं कौतुक केलं ते.

निवृत्तीनंतर तुमचा मधूनमधून फोन यायचा. शेवटचा दिवाळीच्या आधी आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणालात, "कधी कधी वाटतं, जरा अजून ऐकायला हवं होतं." मी म्हणाले, "सोडा ना सर आता." तुम्ही "हो, सोडलं" म्हणालात आणि फराळाचं विचारलंत. त्या वेळी तुमच्याकडे तीन आठवडे उरले होते.

तर उड्या. वही काढली, प्रत्येक भेटीची तारीख-वेळ बघून नोंदी उघडत गेले. सात दिवस हेच करत होते. तुम्ही खोलीत चालत असलेले दिसता, सर. चपला काढून ठेवलेल्या दिसतात. आधी दोन बारीक टिचक्या, मग क्षणभर काही नाही, मग ठोका, ठोका, ठोका. सुरुवातीच्या वर्षांत तिन्ही एकसारखे आणि लागोपाठ. मग मधलं अंतर वाढत जातं. ठोके हलके होत जातात. तुमचं म्हातारं होणं मी इतकी वर्षं शेजारी बसून बघितलं नाही, ते मला एका आठवड्यात कागदावर दिसलं. शेवटच्या भेटीत एक उडी आहे. मग अकरा सेकंद काहीच नाही. मग दुसरी. तिसरी नाही. मी तेव्हाही "आलं!" म्हणाले होते. त्या अकरा सेकंदांत तुम्ही भिंतीला धरून उभे होतात का? तुमच्या छातीचं दुखणं डॉक्टरांना कळलं त्याच्या दोन वर्षं आधी ते माझ्या पडद्यावर आलं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई दुपारी खलबत्त्यात काहीतरी कुटतात. हल्ली दोन ठोके पडले की माझा हात थांबतो आणि मी तिसऱ्याची वाट बघते. माझा मुलगा म्हणतो, "आई, तू कुठे बघतेस?" मी भिंतीकडे बघत असते.

प्रणालीला द्यायचं म्हणून मी ते देखणं करायला घेतलं. एका लांब कागदावर सगळ्या भेटी एकाखाली एक, डावीकडे उत्तर-दक्षिण रेघ, उजवीकडे पूर्व-पश्चिम. छापून टेबलावर पसरलं आणि उभं राहून बघितलं. वरच्या अर्ध्या कागदावर डावीकडे ठोके आणि उजवीकडे सरळ रेघ. कोब्यानंतरच्या अर्ध्यावर दोन्हीकडे ठोके, जवळजवळ सारखे. त्या दोन अर्ध्यांमधली सीमा टेबलाच्या पलीकडून दिसत होती.

तुम्ही सांगत होतात. पहिल्याच दिवशी, खिडकीखालून, तीन वेळा सांगितलंत की यंत्र ईशान्येला तोंड करून बसलंय. नंतर दर तीन महिन्यांनी येऊन सांगत राहिलात. वर विचारायचात, आलं का?

पुढचं मी सांगते, पण ते तुम्हाला आधीच कळलं असेल. यंत्र तिरकं असेल तर लाटेचा निम्मा जोर भलत्याच रेघेत जातो. मोठे दोन थर तरीही दिसत राहतात, म्हणून कुणाला शंका आली नाही. बारीक असते ती बुडते. किती अंशांचा फरक होता तो कोन तुमच्याच उड्यांवरून काढला. त्या कोनानं कोब्यानंतरच्या सगळ्या नोंदी सरळ केल्या आणि बेरीज पुन्हा लावली. तिसरी आहे, सर. दर वर्षाला वाढते. लॉकडाऊनच्या महिन्यांत तर ती दाराशी येऊन उभी आहे. मी स्टुलावर चढून कपाटावरची फाइल काढली, नाडी सुटेना म्हणून दातांनी सोडली, आणि तुमची पेन्सिलीतली जुनी रेघ नव्या रेघेवर ठेवली. उंचवटा त्याच जागी.

इतर ठिकाणच्या नोंदींशी ताडून बघायचंय, पडताळे बाकी आहेत. उद्या कुणीतरी माझ्यासारखीच उठेल आणि म्हणेल, हाही कालवा. म्हणू दे. पण मी ज्या पुराव्यावर तुम्हाला हरवलं तो माझ्या खोटेपणातून तयार झाला होता. लेखात तुमचं नाव पहिलं असेल, आणि यंत्र कुणी तिरकं बसवलं तेही नावासकट असेल. आईला सांगितलं. तिला आता नीट ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं. म्हणाली, "मंग सरांच्या नावावर करून टाक ना ती जमीन."

"असं नसतं गं आई."

"मंग कसं असतं?"

मी कागद गुंडाळायला घेतला.

कागदाची गुंडाळी घेऊन ऐरोलीला गेले. रविवारची सकाळ होती, वहिनी बाहेर गेल्या होत्या. प्रणालीनं कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार स्टीलच्या वाट्या ठेवल्या आणि गुडघ्यांवर बसून एकेक उडीवरून बोट फिरवत गेली. मध्येच हसली, "ही माझी! मी पण होते तेव्हा. बाबांच्या ठोक्याला चिकटून छोटा ठोका आहे बघा." ती तेव्हा सहा वर्षांची होती. मी तिला पुढे जाऊ दिलं. मग सगळं सांगितलं. सळ्या, होकायंत्र, 'हो', फोन, खूण. काही मागे ठेवलं नाही.

तिनं कोब्यानंतरच्या पहिल्या उडीवर बोट ठेवलं. "म्हणजे बाबा बरोबर होते?"

"बहुतेक, हो."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलंत की सावलीवर बसवलं."

"हो."

"मावशी, त्या सेमिनारनंतर सहा महिने बाबा घरात धड बोलत नव्हते. आम्हाला वाटलं रिटायरमेंटचं टेन्शन आहे. आईनं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय झालं." तिनं वाट्या उचलून एकात एक घातल्या. "माझं लग्न ठरलं तेव्हा पण ते म्हणाले होते, मला विचारू नका, माझं बघणं चुकतं."

कागद आपोआप गुंडाळला गेला.

"तुम्ही आज जा," ती म्हणाली. चिडून नाही म्हणाली. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी महापेच्या तिच्या ऑफिसातून फोन आला. मागे माणसांचे आवाज येत होते.

"ते यंत्र अजून तिरकंच आहे का?"

"आहे. एकटीनं बसवता येईल, पण तपासायला दोघं लागतात."

"शनिवारी येते. पण माफबिफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

काल शनिवार होता. थंडीतलं स्वच्छ ऊन होतं, सर, तुम्ही खूश झाला असतात. मी गोधडी काढली, पेटी उचलली. प्रणाली यंत्राकडे बघतच राहिली. "एवढं तिरकं? आणि कुणाला दिसलं नाही?" मी म्हणाले, "वर गोधडी होती." तिनं ती उचलून नाकाला लावली, आजीची म्हणून, आणि घडी घालून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. आम्ही दारात ओळंबा टांगला. सूर्य सरकायची वाट बघत दोघी उंबऱ्यावर बसलो. ऐन मध्यान्हीला सावलीच्या रेघेवर तिनं खडूची रेघ ओढली, तिच्यावरून ऑइलपेंटनं बाण काढला. बाणाचं टोक खिडकीखाली गेलं, तुमच्या जागेवर. मी यंत्र फिरवून बाणावर बसवलं.

मग वही उघडली. कोब्यानंतरची पहिली उडी, माझी खूण, माझी सही. वरून एक सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'बघितलं नव्हतं.' सही केली, तारीख घातली. पुढच्या प्रत्येक खुणेवर रेघ मारत गेले. प्रणाली शेजारी उभी राहून ते सगळं वाचत होती, तिनं मला थांबवलं नाही.

मी पडद्यासमोर जाऊन बसले. फोन बंद करून पिशवीत टाकला. भिंतीपलीकडे तिनं चपला काढल्या, दोन बारीक टिचक्या उमटल्या. मग ठोका. ठोका. मी तिसऱ्याची वाट बघितली. ठोका.

"मावशी, आलं का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, सर. डावीकडच्या रेघेतले तिन्ही ठोके मोजले. उजवीकडची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. ती गप्प होती. पुन्हा एकदा बघितली.

"मावशी?"

"आलं," मी म्हणाले.